काकांच्या फोनवरची बंद मोटर

आमची विहीर सामाईक. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस काकांची. मोटरी दोन, आणि दर उन्हाळ्यात भांडणही ठरलेलं. "तुमी आमच्या पाळीत मोटर लावली." "न्हाई लावली." या कटकटीला कंटाळून मीच शहाणपणा केला. बीडला बसून मी दिवसभर लोकांच्या दुकानांचे, दवाखान्यांचे वेबहूक जोडून देते. म्हटलं, घरचं एक काम करून टाकू. दोन्ही स्टार्टरना एकेक डबी बसवली. मोटर चालू-बंद झाली की डबी आपणहून इंटरनेटवरच्या एका सेवेला खबर द्यायची आणि ती सेवा तीच खबर दोन्ही घरांच्या फोनवर टाकायची. वेबहूक म्हणजे एवढंच, कुणी कुणाला विचारायला जायचं नाही. मी नसताना काही अडलं तर असावा म्हणून धाकट्या भावाला पासवर्ड दिला.

काकांना केवढं कौतुक! मला शिकायला बीडला ठेवायचं की नाही यावरून घरात वाद झाला, तेव्हा वडिलांशी भांडले होते ते हेच काका. त्यांची मोसंबीची बाग नुकती धरायला लागली होती.

यंदा उन्हाळ्यात गावी, चकलांब्याला गेले. पाळी काकांची होती. भर दुपारी विहिरीजवळून जाताना पाहिलं, तर आमची मोटर चालू आणि विहिरीत एका मोटरीपुरतंच पाणी उरलेलं. पुढे बागेत काका घागरीनं झाडांना पाणी घालत होते. पानं पार वळलेली. त्यांचा फोन उघडला: आमची मोटर बंद.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. घरी येऊन लॅपटॉप उघडला. डबीनं प्रत्येक खबर पाठवली होती आणि ती सेवेपर्यंत पोचलीही होती. तिथून पुढे मात्र गेली नव्हती. काकांच्या पाळीत आमची मोटर लागली तर काकांना कळवायचं नाही, असा नियम तिथं कुणीतरी घालून ठेवला होता. कुणीतरी कशाला? माझ्याच पासवर्डनं, माझ्याच भावानं.

विचारलं तर हसला. "कावून चिडती, आक्का? आपलाच ऊस हाय ना?"

वडील ओट्यावरच बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाले, "घरातली गोष्ट भायेर नेऊ नको."

काका बाहेरचे कधी झाले, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सख्ख्या माणसांनी केसानं गळा कापला होता, काकांचा आणि माझाही.

तशीच बागेत गेले आणि काकांना सगळं सांगितलं. त्यांनी घागर खाली ठेवली.

"ठाऊक हाय, माय. तुमच्या उसाच्या सऱ्या वल्या दिसायच्या की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? फोनवर तुजी खबर म्हनायची, बंद हाय. चालू हाय म्हनलो असतो, तर तुला खोटी पाडल्यासारखं झालं असतं."

मला रडू आवरेना. म्हटलं, तो नियम आत्ता काढते.

"समदंच काढ. आदी तुज्या बापासंगं भांडता तरी यायचं."

मी दोन्ही डब्या काढल्या. काकांनी येऊन अंगणात उभं राहून आरडाओरडा करावा, म्हणून मी मुद्दाम चार दिवस गावातच थांबले. ते आले नाहीत. बाग वाळली, तरी भांडायला आले नाहीत.