दोघांची सगळी गाणी

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पुठ्ठ्याची एक पेटी होती. मधुकर आणि देवाजी या जोडीची सगळी गाणी, एकत्र गायलेली आणि एकट्याने गायलेलीही, एका कॅसेट कंपनीने त्या पेटीत एकत्र आणली होती. मधुकर माझे पती. पेटी घरी आली तेव्हा ते जाऊन महिना उलटला होता.

झाकणावरच्या फोटोत दोघेही विशीतले. यांच्या हातात गिटार, देवाजीभाऊंच्या गळ्यात ढोलकी. दंडारीची (झाडीपट्टीतल्या लोकनाट्याची) गाणी गिटारवर गाणारी ही जोडी एके काळी नागपूरची लाडकी होती. मग अचानक फुटली. हे पुण्याला आले, नोकरीला लागले, माझ्याशी लग्न केलं. नागपूरला नेण्याचा विषय काढला की म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." जोडी का फुटली, हे आता देवाजीभाऊच सांगू शकत होते. खरं तर यांच्याविषयी कुणीतरी काहीही बोलावं, एवढ्यासाठीच मी निघाले होते.

नागपूरला उतरले तेव्हा सकाळीच ऊन चावत होतं. सायकलरिक्षावाल्याला सक्करदऱ्याचा पत्ता सांगितला.

"गाणेवाल्या देवाजीकडे जाऊन राहिल्या काय बाई?" तो म्हणाला. "माह्या लग्नात गायले होते ते. दोघं होते. तो गिटारवाला कुठं गेला, काय माहीत."

मी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी मला आत बोलावून सांबारवडी खाऊ घातली. (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) वडी कुरकुरीत होती, आतलं सारण झणझणीत. प्रवासात काही खाल्लं नव्हतं, म्हणून मी दुसरीही घेतली. मग त्या म्हणाल्या, "देवाजी धंतोलीत आहे, दवाखान्यात. त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं." हातातली वडी तशीच राहिली.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात पायऱ्यांवरसुद्धा माणसं होती. गावोगावचे पेशंट, सतरंज्या, डबे. खाटेवर देवाजीभाऊ बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, फोटोतल्या माणसाचे फक्त डोळे उरलेले. मी नाव सांगितलं तशी त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, स्टुलावरून उठल्या.

"बसा वैनी. ह्यायले आता बोलता येत नाही. आवाजाची पेटीच काढली डॉक्टरनं. अन् लिहिता तर ह्यायले पहिलेपासूनच येत नाही."

देवाजीभाऊ माझ्या मागे दाराकडे बघत होते. कौसल्याबाईंनी विचारलं, "तुम्ही एकट्याच आल्या? भाऊजी नाही आले?"

मी सांगितलं. देवाजीभाऊंनी हळूच भिंतीकडे तोंड केलं. कौसल्याबाईंनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"ते दोघं वेगळे काहून झाले, तुम्हाला माहीत आहे का?" मी विचारलं. 'काहून' हा इकडचा शब्द आपसूक माझ्या तोंडात आला.

"मले वाटलं तुम्हाले माहीत असन," त्या म्हणाल्या. "मले तर ह्यायनं कधी सांगतलं नाही."

मी पेटी खाटेवर ठेवली. देवाजीभाऊंनी एकेक कॅसेट हातात घेऊन पाहिली आणि एकट्या यांचा फोटो असलेली शेवटची माझ्यापुढे धरली. जोडी फुटल्यावर यांनी पुण्यात एकट्याने गायलेली गाणी तिच्यात होती. ती देवाजीभाऊंनी कधीच ऐकली नव्हती, असं कौसल्याबाई म्हणाल्या. नर्सने आवाज कमी ठेवायला सांगितलं. मी सोबत आणलेला छोटा टेप लावला.

यांची एक ओळ व्हायची, मग तेवढाच वेळ नुसती गिटार वाजायची. घरी ऐकताना मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. पण गिटार सुरू झाली की देवाजीभाऊंचे ओठ हलत होते. प्रत्येक वेळी, नेमके तिथेच. ती मोकळी जागा त्यांच्या ओळीची होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बंद करू काय जी?" कौसल्याबाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नको.

कॅसेट संपेपर्यंत आम्ही तिघं बसून होतो. निघताना मी पेटी त्यांच्याजवळच ठेवली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि नुसत्या ओठांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही, कौसल्याबाईंनाही नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते. यांचं बालपणीचं घर कुठे होतं, शाळा कुठली, हे सगळं विचारायचं राहूनच गेलं होतं. आणि ज्यांना ठाऊक होतं, त्यांना आता सांगता येणार नव्हतं.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकू दारातच होत्या. "काय काय पाहिलंस गं नागपुरात?"

"यांचे देवाजी पाहिले," मी म्हटलं. हे गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथे, दारातच, आलं.