एव्हारिस्तची मूठ

जून संपता संपता उत्तर कॅनडातल्या थाई तलावावर बदकाची पिल्लं पोहायला शिकतात आणि पाईक मासे जेवायला बसतात. आई पुढे आणि मागे आठ पिल्लं अशी मिरवणूक लव्हाळ्यातून बाहेर पडते. पाण्यावर बुडबुडा नाही, खाली सावली नाही. टप् असा एक आवाज होतो आणि मागे सात उरतात. आई वळूनही बघत नाही. थोडं पुढे गेल्यावर सहा.

एव्हारिस्त रोज सकाळी चहाचा मग घेऊन धक्क्यावर बसायचा, तेव्हा हा खेळ समोर चाललेला असायचा. नव्या पाहुण्यांपैकी एखाद्याचा जीव कळवळायचा.

"अरे, काहीतरी कर की."

"काय करू? पोलिसांत देऊ त्याला?" एव्हारिस्त म्हणायचा, आणि तासाभरानं त्याच पाहुण्याला होडीत घालून त्याच पाईकच्या मागे निघायचा.

एव्हारिस्त तिथल्या डेने या आदिवासी जमातीचा. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, पाय किंचित वाकडे, पण खांद्यापासून खाली लोंबणारे दोन हात असे की दुसऱ्या कुणा दांडग्या माणसाकडून मागून आणलेत असं वाटावं. तरुणपणी त्या हातांना गावानं नाव ठेवलं होतं, घण. दक्षिणेच्या खाणगावातल्या दारूच्या गुत्त्यात एका खाणकामगारानं त्याच्या टोपीत बिअर ओतली आणि ती टोपी त्याच्याच डोक्यावर घातली. तेवीस वर्षांच्या एव्हारिस्तनं त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, सोडवायला आलेल्याच्या तीन बरगड्या मोडल्या, आणि मग मोडायला कुणी उरलं नाही म्हणून आरसा फोडला. चौदा महिने तुरुंगात गेले. त्यातल्या नवव्या महिन्यात आई वारली. थाई तलावाच्या ज्या भूशिरावर ती दर उन्हाळ्यात मासे वाळवायची, तिथेच तिला पुरलं. माती द्यायला मुलगा नव्हता.

त्या मारामारीनंतर त्यानं माणसावर मूठ वळली नव्हती. पस्तीस वर्षं.

त्याच तलावाच्या काठी पुढे लॉर्न नावाच्या गोऱ्या माणसानं पाहुण्यांसाठी लाकडी झोपड्या बांधल्या, जेवणघर बांधलं, आणि पाण्यावर उतरणारं विमान दर शनिवारी यायला लागलं. रस्ता नव्हताच, आजही नाही. लॉर्नला मासे कुठे असतात ते ठाऊक नव्हतं, एव्हारिस्तला ठाऊक होतं. बावीस उन्हाळे तो लॉर्नच्या पाहुण्यांना मासे दाखवत होता. पहिल्याच दिवशी लॉर्ननं त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या.

"तुझ्याबद्दल मी ऐकलंय, म्हणून आधीच बोलतो. पाहुण्यावर हात टाकलास, तर पुढच्या विमानानं घरी. आणि मोठा मासा मारलास, तरी घरी. छोटे खा. मोठे सोडायचे. मोठे संपले की मी संपलो."

एव्हारिस्तनं मान हलवली. कामाची त्याला एवढी फिकीर नव्हती. पण विमानात जागा मिळत होती ती कामामुळे, आणि विमानामुळे उन्हाळाभर आईजवळ राहता येत होतं. सकाळी धक्क्यावरून ते भूशीर दिसायचं, त्यावरचा पांढरा क्रूस दिसायचा. त्याला तेवढं पुरे होतं.

त्याची थोरली बहीण फिलोमेन तिथे स्वयंपाक करायची. त्रेसष्ट वर्षांची, तोंडानं फटकळ. जुलैत एक काळं अस्वल मासे धुरावर सुकवायच्या धुराडघराचं दार उखडून आत शिरलं, तर हिनं त्याच्या नाकावर तापलेला तवा हाणला. अस्वल दारासकट पळालं.

"ताई, जनावराला काठीनं मारू नये म्हणायची ना आई?"

"तवा म्हणजे काठी नव्हे," फिलोमेन म्हणाली. "आणि आईचं मला सांगू नकोस. आई इथे नऊ दिवस होडी वल्हवत यायची, खांद्यावर होडी घेऊन टेकड्या ओलांडायची. तू येतोस विमानात बसून, मांडीवर शेंगदाण्याची पुडी घेऊन."

"अठ्ठावन्न वर्षांचा झालोय मी."

"शेवटची आली तेव्हा ती साठीची होती."

एव्हारिस्त दार शोधायला रानात निघाला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी विमानातून वेंडेल उतरला. नेब्रास्कात ट्रॅक्टर विकणारा, सदुसष्ट वर्षांचा, लाल मानेचा, आवाज असा की विमानाचं इंजिन बंद झालंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मागे त्याचा जावई ट्रेव्हर, सगळ्या पेट्या उचलून. सासऱ्यानं जावयाला मासेमारीला आणलं होतं की हमाल म्हणून, ते आठवडाभर कळलं नाही.

"काय चीफ," टोळीच्या सरदाराला हाक मारावी तशी थट्टा करत वेंडेलनं एव्हारिस्तच्या पाठीवर थाप मारली, "पन्नास इंचांचा पाईक दाखवतोस का नुसता तुमचा पावसाचा नाच करून दाखवतोस?"

"नाचानं पाऊस येतो," एव्हारिस्त म्हणाला. "पाईक उन्हातही येतो."

ट्रेव्हर हसला. सासऱ्यानं बघितल्यावर थांबला.

तिथली एक रीत होती. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, तो पकडीनं दाबून चपटा करायचा. म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. होडीत बसायच्या आधी वाटाड्यानं विचारायचं. एव्हारिस्तनं विचारलं, "काटे दाबलेत?"

"सगळे," वेंडेल म्हणाला.

दुसऱ्या कुणी वाटाड्यानं पेटी उघडून बघितली असती. पण डेने माणूस आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाचा शब्द तपासून बघत नाही. वडीलधाऱ्यानं हो म्हटलं की ते हो. एव्हारिस्तनं दोर सोडला आणि मोटर सुरू केली.

पाच दिवस काही नाही. म्हणजे मासे पुष्कळ, पण तीस इंच, पस्तीस इंच. रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक वाटाड्या आपल्या पाहुण्याचा मासा मोठ्यानं सांगायचा आणि खडूनं फळ्यावर लिहायचा: नाव, इंच, सोडला. वेंडेलचं नाव रोज तळाशी. रोज रात्री तो जावयावर खेकसायचा.

शुक्रवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, उत्तरेच्या खाडीत त्याच्या लाल-पांढऱ्या चमच्यावर, म्हणजे गळ लावलेल्या धातूच्या आमिषावर, झडप पडली. गळाची काठी कमानीसारखी वाकली. मासा होडीखालून गेला, वळला, पाण्याबाहेर निम्मा उडाला आणि डोकं झटकत परत पडला. चाळीस मिनिटं हे चाललं. वेंडेलच्या मनगटातून रक्त यायला लागलं तरी त्यानं काठी सोडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या चाळीस मिनिटांत एव्हारिस्तला तो माणूस आवडला. शेवटी जाळीत आला तो एकोणपन्नास इंचांचा पाईक. पाठ शेवाळी, पोटावर फिकट ठिपके, जबड्यात सुयांच्या रांगा.

"फोटो," वेंडेल ओरडला.

ट्रेव्हरनं एक फोटो काढला. मग टोपी घालून. मग टोपीशिवाय. मग गॉगल लावून.

"आता पाण्यात," एव्हारिस्त म्हणाला. "त्याचा श्वास संपतोय."

"अजून एक. चीफ, तू सरक बाजूला, सावली पडते तुझी."

सातव्या फोटोला मासा उसळला. वेंडेलच्या हातातून निसटून होडीच्या तळाशी आदळला, आणि तोंडातल्या चमच्याचा मोकळा राहिलेला दुसरा गळ वेंडेलच्या तळहातात घुसला. आरपार. काटा दाबलेला नव्हता. पेटीतला एकही दाबलेला नव्हता, हे नंतर कळलं.

आता एका गळाला मासा आणि दुसऱ्या गळाला माणूस. पंचवीस पौंडांचं ते जनावर उडायचं तसतसा हात फाटत जायचा. वेंडेल किंचाळला. मोकळ्या हातानं त्यानं वल्हं उचललं आणि माशाला बडवायला लागला. डोळ्यावर, पाठीवर, शेपटीवर. प्रत्येक तडाख्याला मासा आणखी उसळायचा, प्रत्येक उसळीला वेंडेल आणखी किंचाळायचा आणि आणखी मारायचा. होडीत रक्त, चिकट पाणी, तुटलेले खवले. एक डोळा फुटून लोंबत होता. ट्रेव्हर तोंडावर हात दाबून मागच्या फळीवर बसला होता.

एव्हारिस्तच्या कानात आईचा आवाज आला असेल. ती सांगायची, एका माणसानं मजेखातर कॅरिबू हरणाला काठीनं मारलं, तर हरणं तीन पिढ्या त्या वाटेला फिरकली नाहीत. मारायचं तर एकदाच मारायचं, सुरीनं, आणि मारणाऱ्यानं आपण मारलं हे कबूल करायचं.

एव्हारिस्तनं वल्हं वरच्यावर धरलं.

"सोड," वेंडेल म्हणाला.

"तू थांब. मी करतो."

वेंडेलनं वल्ह्याला हिसडा दिला आणि त्याचं टोक एव्हारिस्तच्या तोंडात हाणलं. दोन दात तुटले. एक त्यानं गिळला, एक थुंकला. आणि मग पस्तीस वर्षांनी ती उजवी मूठ वळली. कशी वळली ते त्यालाही कळलं नाही. खांदा मागे गेला, पाय रोवले गेले, शरीराला सगळं आठवत होतं. समोर लाल मान होती, घामेजलेला जबडा होता. आता एकच घाव आणि हा माणूस पाण्यात. हाताला अडकलेल्या माशासकट.

लांब, वेंडेलच्या खांद्यावरून, भूशिरावरचा क्रूस दिसत होता.

एव्हारिस्तनं मूठ उघडली आणि कमरेची सुरी काढली.

"नको," वेंडेल म्हणाला. आवाज एवढासा झाला होता. "हे बघ, नको. मला मुली आहेत."

एव्हारिस्त गुडघ्यावर बसला, माशाच्या डोक्यावर डावा हात ठेवला, आपल्या भाषेत तीन शब्द बोलला आणि डोळ्यांच्या मधोमध सुरी मुठीपर्यंत घातली. मासा एकदा थरथरला आणि थांबला. होडीत एकदम इतकं शांत झालं की लाटांचा चुबुक चुबुक आवाज ऐकू यायला लागला.

"आता हात दे," तो म्हणाला. गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, पकडीनं काटा तोडला, मागे ओढून घेतला. वेंडेलच्या बाटलीतली व्हिस्की जखमेवर ओतली. उरलेला घोट स्वतःच्या तोंडात घेतला, चूळ भरली आणि पाण्यात थुंकला.

"काय बोललास त्याला?" ट्रेव्हरनं विचारलं.

"मी मारलं म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही."

मारलेलं टाकायचं नसतं. दुपारी खडकावर त्यानं चूल पेटवली, चरबी कढवली आणि तो अख्खा पाईक तळला. एवढ्या म्हाताऱ्या माशाला चिखलाचा वास येतो, मांस चामड्यासारखं होतं. वेंडेलनं पहिला घास थुंकायला तोंड वळवलं. एव्हारिस्त त्याच्याकडे बघत राहिला. वेंडेलनं गिळला. मग दुसरा. एव्हारिस्त पुढच्या दातांशिवाय, दाढांनी चावत होता, हनुवटीवरून रक्त आणि चरबी ओघळत होती. तिघांनी मिळून जमेल तेवढं संपवलं, उरलेलं फिलोमेनसाठी बांधून घेतलं. हाडं एव्हारिस्तनं भूशिराजवळ पाण्यात सोडली.

परतताना वेंडेल हळूच म्हणाला, "ऐक. त्या लॉर्नचा नियम मला माहितेय. सोडला म्हणून सांग. मी काही बोलणार नाही, ट्रेव्हरही बोलणार नाही. फळ्यावर माझं नाव वर जाईल, तुझी नोकरी राहील. दोघांचं भलं."

"बघतो," एव्हारिस्त म्हणाला.

जेवणघरात दिवे लागायचे होते, ऑगस्टचं ऊन अजून खिडक्यांतून आत येत होतं. फळ्यापाशी लॉर्न उभा होता. वेंडेलचा बांधलेला हात, एव्हारिस्तचं सुजलेलं तोंड, दोन्ही त्यानं बघितलं. खडू पुढे केला.

एव्हारिस्तनं मोठ्यानं सांगितलं, "वेंडेल. पाईक. एकोणपन्नास इंच." आणि थांबला.

सोडला, एवढा एकच शब्द उरला होता. तो म्हटला असता तर उरलेला ऑगस्ट त्याचा होता, पुढचे सगळे उन्हाळे त्याचे होते. वेंडेल डोळ्यांनी त्याला पुढे ढकलत होता. स्वयंपाकघराच्या दारात फिलोमेन हातात डाव घेऊन उभी होती. तिच्या ॲप्रनच्या टोकात दुपारचं तळण अजून बांधलेलं होतं आणि तिला सगळं कळलेलं होतं.

"मी मारला," एव्हारिस्त म्हणाला.

लॉर्ननं हळू आवाजात विचारलं, "का?"

"मरणारच होता तो. कुणीतरी नीट मारायला हवा होता."

"चूक माझी होती," वेंडेल खुर्चीवरून म्हणाला. कुणालाच ती अपेक्षा नव्हती, त्याला स्वतःलाही नव्हती. "काटे मी दाबले नव्हते. दातही मीच पाडले. यानं माझ्यावर हात उचलला नाही."

लॉर्ननं खडू परत घेतला. "हा तलाव तूच मला शिकवलास," तो एव्हारिस्तला म्हणाला. "पण खोलीत बारा वाटाडे बसलेत. एकाला माफ केलं तर उद्या बारा मासे मारले जातील."

"माहितेय."

"उद्याचं विमान."

"माहितेय म्हटलं ना."

शनिवारी तो विमानात बसला. बहिणीनं त्याच्या मांडीवर शेंगदाण्याची पुडी आपटली. "घे. शेवटची," ती म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये लॉर्नकडे नवा वाटाड्या आला. बदकाची पिल्लं पोहायला लागली, पाईक जेवायला बसले. महिनाअखेरीस एका सकाळी पाहुणे धक्क्यावर आले तर समोरच्या भूशिरावर धूर. क्रूसाशेजारी तंबू, वाळूवर उपडी टाकलेली होडी, आणि मासे वाळवायची लाकडी चौकट, नवी, कोवळ्या खांबांची.

"कोण आहे तो?" पाहुण्यानं विचारलं. "त्याला परवानगी आहे का इथे?"

"त्याला लागत नाही," लॉर्न म्हणाला. "जमीन त्याच्या लोकांची आहे. मला लागते."

अकरा दिवस लागले होते एव्हारिस्तला होडी वल्हवत यायला. आईपेक्षा दोन जास्त. खांदे सोलवटले होते, पायाची दोन नखं गेली होती, काळ्या माश्यांनी कानामागची कातडी खाऊन टाकली होती. फिलोमेन दुपारी पीठ आणि चहा घेऊन होडीनं गेली. चौकटीवर पसरलेले मासे तिनं मोजून बघितले, तंबूची दोरी ओढून बघितली.

"अकरा?" ती म्हणाली.

"दोन दिवस वारा उलटा होता."

"आईलाही असायचा," फिलोमेन म्हणाली, आणि चुलीवर पाणी ठेवायला वाकली.