तावडे काकींची सूनबाई पॉझिटिव्ह!

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से साठतात ते काही पेशंटमुळे नाही. पेशंट बिचारे गप्प असतात, बोलतात ते त्यांना घेऊन येणारे! दिवसातून एकदा तरी कुणीतरी असं काही बोलून जातं की मी तोंड फिरवून औषधांचं कपाट उघडते आणि उगाच बाटल्या सरकवत राहते. त्यात कोरोनाचा काळ म्हणजे तर विचारूच नका.

माझा दवाखाना लालबागला. मी आणि आमचा कंपाउंडर विलास, बस्स. तेव्हा आजारी जनावरं कमी यायची आणि घाबरलेली माणसं जास्त. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी ढकलायचं की कुत्र्या-मांजरांमुळे कोरोना पसरतो, की लगेच सोसायटीत मीटिंग! लाडाने वाढवलेलं जनावर रस्त्यावर सोडून आलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा मला अजून राग येतो. त्यामुळे फोन कुणाचाही असो, खरा प्रश्न एकच असायचा, ह्याला घरात ठेवायचं की नाही? आणि मी घसा फोडून सांगायचे, "ठेवायचं हो! उलट तुम्ही पॉझिटिव्ह आलात तर त्याच्यापासून लांब राहा!"

* * *

दवाखान्याला लागूनच मसाला कांडायचा डंक आहे. लॉकडाऊनमध्ये तो बंद होता. परवानगी मिळाली आणि एका सकाळी धडाधड सुरू झाला. बाहेर खडूच्या गोलात माझे पेशंट आणि त्यांचे मालक शहाण्यासारखे उभे होते.

आधी एक पामेरियन शिंकला. मग त्याचा मालक. मग मागच्या बाई. बघता बघता सगळे गोल रिकामे! लोक थेट समोरच्या फुटपाथवर. विलास पायरीवर उभा राहून ओरडला, "अहो परत या! काही नाही, मिरची कांडतायत, बेडगी आहे, बेडगी!"

पलीकडून मांजराची पिशवी पोटाशी धरून एक गृहस्थ ओरडले, "बेडगी पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह?"

* * *

कुत्र्यांना त्यांचा स्वतःचा एक जुना कोरोना असतो. पोटाचा. पिल्लांना त्याची लस आम्ही कितीतरी वर्षं देतोय. पण हे तोवर कुणी वाचलं होतं? दादरचे एक रिटायर्ड आजोबा कुत्र्याचं लसीचं कार्ड नाचवत आले. "मॅडम, आमच्या टॉमीला तुम्ही कोरोनाची लस केव्हाच टोचलीत! आणि आम्ही इथे टीव्हीसमोर बसून वाट बघतोय!"

मी समजावलं, की तो व्हायरस वेगळा, फक्त कुत्र्यांच्या पोटाचा. आजोबांनी विचार केला आणि बाही वर सरकवली. "पोटापुरती तरी सोय होऊ दे. द्या."

"अहो आजोबा, कुत्र्याची आहे ती!"

"असू दे. आमच्या घरात सगळं आधी टॉमीला मिळतं आणि उरलं तर मला. सवय आहे."

विलास मान वर न करता म्हणाला, "देतो. पण मग रेबीजची पण घ्यावी लागेल आणि गळ्यात बिल्ला घालावा लागेल." आजोबांनी बाही खाली केली.

* * *

कोरोनात वास येणं बंद होतं हे कळल्यावर परळहून एकाचा फोन. "मॅडम, आमच्या लॅब्रॉडोरचा वास गेला! दुधीची भाजी नाकाखाली धरली, ढुंकून बघत नाही."

"मटण धरून बघा," मी म्हटलं.

संध्याकाळी परत फोन. आवाज पडलेला. "वास आला मॅडम."

"मग चांगलं झालं की!"

"काय चांगलं? चौघांचं मटण होतं ते!"

* * *

गिरगावातल्या एका बाईंचे मिस्टर पॉझिटिव्ह आले, घरातच वेगळ्या खोलीत होते. कुत्रा रोज त्यांच्या पायाशी झोपणारा, दार खरवडून हैराण करत होता. बाईंनी विचारलं, "काय करू हो? सोडू आत?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. मिस्टरांचा आजार त्याला होऊ शकतो. मिस्टरांना खोलीतच ठेवा आणि कुत्र्याला तुमच्याजवळ घ्या."

बाई म्हणाल्या, "हेच जरा परत बोला ना, रेकॉर्ड करते. लग्नाला एवढी वर्षं झाली, कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोललं!"

* * *

पण तावडे काकींची सर कुणालाच नाही.

काकी करी रोडच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एकट्या राहतात. मुलगा बोटीवर नोकरीला. लग्न कर, लग्न कर म्हणून काकींनी त्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा त्याने एका सुट्टीत मांजराचं पिल्लू आणून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ही घे तुझी सूनबाई!" तेच नाव पडलं. पुढे लॉकडाऊन लागलं आणि मुलगा तिकडे समुद्रातच अडकला. घरात काकी आणि सूनबाई, तिसरं कुणी नाही. काकी मला म्हणायच्या, "ही आसा म्हणून मी तोंड उघडतंय गो, नायतर कोणाशी बोलतलंय?"

सूनबाईला जुलाब लागले म्हणून मी तपासणी करून घेतली. मांजरांचाही असाच पोटाचा जुना कोरोना असतो, तो निघाला. माणसांना काडीचा त्रास नाही. मी काकींना फोन केला. काकींना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि घरात रेंज नाही, म्हणून काकी गॅलरीत! मी म्हटलं, "काकी, सूनबाई कोरोना पॉझिटिव्ह आहे. पण..." आणि फोन कट.

"पण"च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. चाळीचे सेक्रेटरी परब पहिल्यापासून म्हणत होते की मांजर चाळीबाहेर काढा. त्यांनी तडक महापालिकेच्या वॉर्डात फोन लावला, "दुसऱ्या माळ्यावर तावड्यांची सूनबाई पॉझिटिव्ह आहे, ताबडतोब घेऊन जा!" सूनबाई कोण ते चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वॉर्डाला कुठून ठाऊक असणार?

"डॉक्टर, हिका न्यूक गाडी इली!" काकींचा रडवेला फोन आला, तशी मी पळाले. जिना चढते तर वरून संवाद ऐकू येतोय. पांढऱ्या पीपीई किटमधले दोघेजण दारात उभे.

"आजी, सूनबाई कुठे आहेत?"

"कपाटावर."

"कपाटावर?"

"सकाळपासून उतरूक नाय. खाली इली तर मी चपलेन मारीन म्हणून भियाता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "जेवल्या का त्या?"

"कालपासून उपाशी ठेवलंय. डॉक्टरनीच सांगितल्यान!"

"आजी, त्यांच्या माहेरचा नंबर द्या," एकजण कडक आवाजात म्हणाला. "माहेरचे लोक आहेत ना?"

"कसले माहेरचे! बोटीच्या धक्क्यावर गटारात गावली ती!"

मी मध्ये पडले नसते तर काकी त्या दिवशी आत गेल्या असत्या. कपाटावरून सूनबाईने तोंड बाहेर काढलं आणि किटमधले दोघे हसून हसून कठड्याला टेकले. परबांना मात्र हसू येईना. "हसताय काय? रोग तो रोग! मांजर गेलंच पाहिजे!"

काकींनी पदर तोंडाला लावला. मला म्हणाल्या, "हिका नेल्यानी तर माका पण न्यूक सांग गो." मी सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की सूनबाईचा कोरोना माणसाला होत नाही, कुणालाच होत नाही, विषय संपला.

"आणि आपला माणसांचा?" परब चिडून म्हणाले. "तो तिला होत नाही का?"

"तो होऊ शकतो," मी म्हटलं.

कमी ऐकू येणाऱ्या काकींनी हे मात्र अख्खं ऐकलं! पदर खाली आला. "म्हणजे माझ्या सूनबाईक ह्यांच्यापासून धोको? ओ किटवाल्यांनू, ता पिस्तूल आसा मां ताप बघूचा? आधी ह्या परबाक लावा!"

आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी परबांच्या कपाळाला ते थर्मामीटर लावलं. बीप. परत लावलं. बीप. मग दोघेही एक पाऊल मागे सरकले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, जरा कपडे भरून घ्या."

परब आज एकदम ठणठणीत आहेत. हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून तेच सांगतात, म्हणून मी सांगायला धजते. पण तेव्हा बॅग घेऊन जिना उतरताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. परबांचा पाय गाडीत पडणार, तेवढ्यात वरून काकींचा आवाज आला. कडेवर सूनबाई, डोळ्यांत पाणी.

"परबा! घाबरू नको रे! तुझ्या घरच्यांच्या जेवणाचा मी बघतंय! पण येताना निगेटिव्ह होवन ये हां! घरात सूनबाई आसा!"