मैना स्पेशलची पहिली प्लेट

मैनाला चीज आवडत नाही. पिवळं, चिकट, आणि वासाचं तर विचारूच नका. आता जिचं बालपण मोऱ्याच्या कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबलांखाली गेलं, तिनं वासाची तक्रार करावी म्हणजे कमालच झाली; पण ज्याचं नाक त्याला ठाऊक. तरीही सव्वीस वर्षं ती चीज खात आली, आणि ते तिला फार आवडतं असं तिचा नवरा आनंदा धरून चालला होता. हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आनंदा मालवाहू बोटीवर कुक होता. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, उरलेले घरी. संसार असा हप्त्याहप्त्यानं झालेला. बोटीवरून कुणी परतलं की अख्खी आळी त्याच्या ओटीवर जमायची. बॅग सगळ्यांसमक्ष उघडायची, अशी रीतच होती. साबण, सेंट, चॉकलेटं वाटली जायची, पण बायकांचे डोळे असायचे ते एकाच गोष्टीवर. घरधनिणीसाठी काय निघतं, त्यावर पुढचे सहा महिने तिचा आळीतला मान ठरायचा.

लेक प्रांजल पाच महिन्यांची असताना आनंदा आला, तेव्हा त्याच्याजवळ बॅगच नव्हती. हातात एक कापडी पिशवी आणि पिशवीत चीजचा डबा. ओटीवर कुजबुज सुरू झाली. आनंदा तडक आत गेला. स्टोव्हपाशी बसला, बटाटे सोलून लांब लांब कापले, तळले, वर चीजचे तुकडे टाकले आणि त्यावर घरात त्याच्यासाठी शिजलेल्या कोंबडीचा कढत, दाट रस्सा ओतला. ताटली मैनाच्या हातात देऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वस्तू काय, कुणीबी आणतो. हे मी बोटीवर शोधून काढलंय, हिच्यासाठी. जगात दुसरीकडं कुठं मिळायचं नाय."

मैनानं घास घेतला. चीज टाळूला चिकटलं, पण तिनं हसून मान डोलावली. नवऱ्यानं भर समुद्रात आपली आठवण काढून पदार्थ शोधला, त्यापुढे नाकाची काय पत्रास! शेजारणी जळफळल्या त्या वेगळ्याच.

पुढे प्रत्येक वेळी तो आला की पहिली ताटली तिची. तो नसताना लेक तापानं फणफणली, सासू गेली, वादळात कौलं उडाली. अशा वेळी मैना स्वतःची समजूत घालायची, की कुठल्यातरी समुद्रावर तो माणूस आपल्यासाठी रस्सा ढवळतोय. त्या एका गोष्टीवर तिनं पुष्कळ दिवस रेटले.

बोटीची नोकरी संपली, प्रांजल लग्न होऊन पनवेलला गेली, तशी दोघंही पनवेलला आली. आनंदानं कॉलेजजवळ गाडी लावली. वर बोर्ड: 'मैना स्पेशल'. हे आमच्या ह्यांनीच शोधलंय, असं मैना पोरांना कौतुकानं सांगायची. पोरांनी गाडी अशी उचलून धरली, की पाच वाजता उभं राहायला जागा नसे. त्या पदार्थाची गंमतच तशी आहे. वरचे चिप्स कुरकुरीत, ते घाईनं खायचे. खालचे रश्श्यात भिजून मऊ पडतात, त्यांच्यासाठी थांबायचं. मधे चीजची तार लांबत जाते आणि खाणारा काही वेळ लहान मूल होतो. भवानीच्या आधीची पहिली प्लेट मात्र रोज मैनाची. ती डोळे मिटून चीज गिळायची, आणि आनंदाला वाटायचं, बायको रंगात आली.

एका संध्याकाळी आनंदा बाजारात गेला असताना समीक्षा नावाची कॉलेजची पोरगी मोबाइल नाचवत आली.

"काकू, हे तुमचं ओरिजिनल नाहीये! कॅनडात दोन गावं भांडतायत, की हे पहिलं आमच्याच हॉटेलात झालं. आणि इंग्लंडजवळ एक बेट आहे, ते म्हणतात आमचंच. फोटो बघा ना, सेम टू सेम!"

मैनानं पाहिलं. चिप्स, चीज, वर तपकिरी रस्सा.

"कवापासून हाय हे?" तिनं विचारलं.

"साठेक वर्षं तरी. तुमच्या लग्नाच्याही आधीपासून!"

पोरगी हसत हसत प्लेट घेऊन बाकावर बसली. तिला बिचारीला काय ठाऊक. दोन गावं भांडत होती, एक बेट भांडत होतं, आणि त्या सगळ्या भांडणात मैनाचं नाव कुठंच नव्हतं. मैना बटाटे कापत राहिली. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याच्या आधारावर काढली ते खोटंच होतं की काय, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात होता, आणि तो विचारायची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली प्लेट बाजूला सारली. "ही गिऱ्हाइकाला द्या." तिसऱ्या दिवशीही तेच.

"काय झालंय तुला?" आनंदानं विचारलं.

"कॅनडावाल्यांना विचारा," मैना म्हणाली.

आनंदाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं गॅस बंद केला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"खोटं बोललो मी, मैने. मुंबईला इमानातून उतरलो तवा बॅग पट्ट्यावर आलीच नाय. किती वेळ थांबलो. तुझी साडी व्हती तिच्यात, पोरीची बाहुली व्हती. हातात निस्ता कॅप्टननं दिलेला चीजचा डबा. घरी आलो तर सगळी आळी ओटीवर, अन् तू पोरीला घेऊन उंबऱ्यात. हात हलवीत आलो असं कसं सांगू सगळ्यांसमोर? बोटीवर एका गोऱ्या इंजिनियरनं शिकवलं व्हतं, तेच केलं, अन् तोंडातून निघून गेलं. मग तू एवढं खुशीनं खाल्लंस, की खरं सांगायची हिंमतच झाली नाय."

मैनाच्या ओठावर आलेलं भांडण तिथंच राहिलं. विमानतळावरचा तो फिरता पट्टा तिच्या डोळ्यांपुढे आला. सगळ्यांच्या बॅगा निघून गेलेल्या, आणि हा तरणा बाप्या चीजचा डबा धरून उभा. तिला त्याची फार माया आली.

"साडी कुठल्या रंगाची व्हती?" तिनं विचारलं.

"अबोली. बारीक जरीचा काठ."

सव्वीस वर्षांनंतर त्याला काठही आठवत होता. मैनानं पदरानं डोळे पुसले.

"आता माझं ऐका. मला चीज आवडत नाय."

"कवापासून?"

"पयल्या घासापासून."

आनंदा बघतच राहिला. "मग खात कशाला व्हतीस?"

"तुमी माझ्यासाठी शोधलं म्हणून."

त्यावर दोघंही हसली, अशी हसली की रांगेतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी आनंदा गाडीवर आला तो एक छोटा डबा घेऊन. त्यात सुका जवळा, खमंग भाजलेला. चिप्सवर त्यानं तो पसरला, वर खोबऱ्याचा लाल रस्सा ओतला. चीजचा कणही नाही.

"हे कॅनडात नाय, बेटावर नाय," तो म्हणाला. "आजच शोधलंय. या खेपेला खरं."

मैनानं घास घेतला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि प्लेट चाटूनपुसून खाल्ली.

वासावर समीक्षा पुढं आली. "काका, ही कुठली नवीन? मलापण एक द्या ना!"

आनंदानं डब्याचं झाकण लावलं.

"ती विकायची नाय, पोरी. ती हिची हाय."