बाटली ज्याच्या हातात, तो थोरला

दाराची किल्ली ती कुणाकडे लांबून टाकत नसे. समोरच्याच्या तळहातावर टेकवायची, "घेतलीस ना?" विचारायची आणि हो आलं की मगच बोटं सोडायची.

कुणी पुस्तक मागितलं की तिचा एकच प्रश्न. "वाचायला, की खुणा करायला?" एका पुस्तकात चौघांनी डोकी घालून वाचलं तरी तिची हरकत नव्हती. पेन्सिल घेऊन बसणारा मात्र एकटाच हवा. तो उठेपर्यंत बाकीच्यांनी पुस्तकाकडे फिरकायचं नाही.

बोलताना मधेच कुणी तोडलं तर चिडायची नाही. त्याचं ऐकून घ्यायची आणि जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे बोलायची. ऐकणारा तोवर विषय विसरलेला असे.

चहा ओतताना फोन वाजला तर वाजू द्यायची. कात्री वापरून झाली की लगेच हुकाला. आणि घाई असली की जास्तच हळू चालायची.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पंचेचाळिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी धाकटीच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही." घरात ती, आई, दादा आणि वहिनी. दादा नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे हाताखाली माणसं नसलेला साहेब. आई अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत.

धाकटीचं ऑफिस एका टायरच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात कायम रबराचा वास. वरच्या दोन खोल्यांत सिरिंज पंप बनत. पंप म्हणजे रुग्णाच्या पलंगाशेजारी उभा असलेला वीतभर डबा. सिरिंजमधलं औषध तो हळूहळू शिरेत ढकलत राहतो. डब्यात नखाएवढी चिप. त्या चिपने काय करायचं हे लिहिणं धाकटीचं काम.

चिपला हात एकच आणि कामं तीन. मोटर फिरवायची, काही बिघडलं तर अलार्म वाजवायचा, आणि पडद्यावर आकडे दाखवायचे. तिन्हींत मानपान ठरलेला. मोटर सगळ्यात थोरली, मग अलार्म, पडदा सगळ्यात धाकटा. मोटरची वेळ झाली की पडद्याने हातातलं काम तसंच टाकून बाजूला व्हायचं.

भानगड असायची ती तिघांच्या सामाईक वस्तूची. किती औषध गेलं याची नोंद एकच. मोटर तिच्यात लिहिते, बाकीचे दोघं वाचतात. पडदा वाचत असताना अर्ध्यातच मोटर घुसली आणि नोंद बदलून गेली तर पडद्याच्या हातात निम्मा जुना आकडा आणि निम्मा नवा. म्हणून नोंदीला कुलूप. पडद्याने कुलूप घेतलं की तेवढ्यापुरता तोही मोटरच्या मानाचा होतो. मग मोटरलाही थांबावं लागतं. कुलूप सुटलं की पडदा पुन्हा धाकटा.

जुना प्रोग्रॅम होता त्यात हे कुलूप लावायचं की नाही हे लिहिणाऱ्याच्या आठवणीवर होतं. धाकटीने मालकांच्या मागे लागून सगळं रस्ट नावाच्या भाषेत नव्याने लिहायला घेतलं.

"मॅडम, जुना चालतोय की," मालक म्हणाले होते.

"चालतोय तो माझ्या भरवशावर. आणि माझा मलाच भरवसा नाही."

रस्टमध्ये कुलूप विसरायची सोयच नाही. सामाईक नोंदीला कुलपाशिवाय हात लावला तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ते परत तोंडावर फेकतो. धाकटी त्याला आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई नाक मुरडतायत," म्हणत ती दिवस दिवस बसायची. आणि एकदाचं सगळं पास झालं की म्हणायची, "आत्याबाई हसल्या. आता कुणाच्या बापाची भीती नाही."

भीती नाही असं न वाटणारा एकच माणूस ऑफिसात होता. पंपांची चाचणी घेणारा. त्याला सगळे शंकासुर म्हणत, तोंडावरही. नवा पंप एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता वॉर्डात वापरून बघायला जायचा होता. त्याच्या थोडं आधी शंकासुर तिच्या टेबलाशी आला.

"ताई, मोटर मधेच श्वास धरते."

"गिअर बघ."

"गिअर बघितला. आणि जितके जास्त दिवस पंप चालू ठेवावा, तितका वेळ जास्त धरते. काल तर मी मोजायला लागलो तरी सुरू होईना."

"तू मोजतोस फार. नोंदीला कुलपाशिवाय कुणी हात लावू शकत नाही. आत्याबाईंनी पास केलंय."

"आत्याबाईंना पेशंट नाही सांभाळायचा, ताई."

हे तिला लागलं. कारण वॉर्डात पंपातून काय जाणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. रक्तदाब धरून ठेवणारी औषधं. त्यांचा असर शरीरात फार टिकत नाही. पंप अडला की पाठोपाठ दाब घसरतो. तिने सगळे गिअर बदलून घेतले. मोटर श्वास धरतच राहिली. मालक रोज विचारायचे, हॉस्पिटलला काय कळवू? ती म्हणायची, थांबा. पण थांबून शोधायचं कुठे, हे तिला कळत नव्हतं. आपल्या लिहिण्यात तिने शोधलंच नाही.

त्याच दिवसांत घरी आईच्या औषधाचा घोळ झाला.

आईला हृदयाचं पातळ औषध होतं, सकाळी एक झाकण. पद्धत साधी होती. बाटली फळीवर डावीकडे असली तर द्यायचंय, उजवीकडे असली तर दिलंय. एका सकाळी दादाने झाकण भरलं, बाटली जागेवर ठेवली आणि आईकडे गेला. पाजून आल्यावर उजवीकडे सरकवू म्हणाला. तेवढ्यात धाकटी आली. बाटली डावीकडे. तिनेही झाकण भरलं. दादा आईच्या खोलीतून दाराची बेल वाजली म्हणून बाहेर, ही आत.

आईने दोन्ही झाकणं घेतली. दिवसभर ग्लानीत होती. डॉक्टर येऊन गेले, लक्ष ठेवा म्हणाले, आणि सगळे डोळ्यात तेल घालून बसले. संध्याकाळी तिने डोळे उघडले तेव्हा दादा ओरडलाच.

"अगं, एकदा घेतलंय म्हणून सांगायचं नाही?"

"तू प्रेमाने दिलंस, तिने प्रेमाने दिलं. मी मधे कशाला वाईट होऊ?"

धाकटीने कपाळाला हात लावला. हा घोळ तिच्या ओळखीचा होता. ज्याच्यापासून पंपाला वाचवण्यात तिची एवढी वर्षं गेली, तो तिच्याच स्वयंपाकघरातल्या फळीवर झाला होता. एकाने बघितलं, पण खूण बदलली नाही. मधल्या फटीत दुसरा घुसला.

दुसऱ्या दिवशी तिने नियम सांगितला. बाटली उचलली की आईने गिळेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. आणि बाटली ज्याच्या हातात, तो तेवढ्यापुरता घरातला थोरला. त्याला कुणी हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही, त्याच्या मधे आईच्या खोलीत जायचं नाही.

दादाचा राग नाकावरच असायचा. "म्हणजे मी इथे उभा, आणि तू मला थांबवणार?"

"मी नाही. बाटली."

"आणि बाटली हिच्या हातात असली तर?" त्याने वहिनीकडे मान केली.

"तर वहिनी थोरली."

"मला चालेल," वहिनी म्हणाली. "किती वेळ धरून ठेवता येते?"

हसण्यावारी गेलं, पण नियम लागला. कुणाला वाटलं नव्हतं, तर सगळ्यात कडक दादानेच पाळला. नोकरीतली शिस्त होती ती. बाटली दुसऱ्याच्या हातात दिसली की तो दारातच उभा राही, हात मागे बांधून.

मग एका सकाळी नवी बाटली आली. औषध तेच, कंपनी वेगळी. धाकटीने बाटली उचलली आणि आईच्या खोलीत खुर्चीवर बसून लेबल वाचायला लागली. अक्षर मुंगीएवढं. चष्मा वर, चष्मा खाली. मग औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदार बघून सांगतो म्हणाला. ती फोन कानाला लावून बसली, बाटली मांडीवर, झाकण बंद.

आईला ठसका लागला. "पाणी," ती म्हणाली. धाकटीने बोटाने खूण केली, एक मिनिट. ठसका वाढला. दादा पाण्याचा पेला घेऊन आला आणि उंबऱ्यावर थांबला. आई खोकतेय, धाकटी फोनवर, दादा पुतळ्यासारखा दारात, पेल्यातलं पाणी हिंदकळतंय.

वहिनी धावत आली. "अहो, द्या ना तो पेला!"

"नियम आहे," दादा म्हणाला.

धाकटीने फोन टाकला. "अरे, मग आत यायचं ना!"

"थोरल्याला न विचारता?"

वहिनीने त्याच्या हातातला पेला ओढून घेतला, आईला उठवून पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. श्वास जागेवर आल्यावर आई म्हणाली, "दोघांना मी एवढं शिकवलं."

वहिनी मात्र धाकटीवरच तापली होती. "बाटली लागते औषध द्यायला. लेबल वाचायला कशाला धरून बसायची? फोटो काढायचा, बाटली ठेवून द्यायची, आणि मग बसायचं वाचत दुपारपर्यंत. कोण अडवतंय?"

धाकटी वहिनीकडे बघत राहिली. वहिनीला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

"काय झालं गं?"

"नाही. बरोबर आहे," धाकटी म्हणाली. दुकानदाराने परत फोन करून औषधाचं प्रमाण तेच असल्याचं सांगितलं, तिने आईला झाकण पाजलं, बाटली उजवीकडे ठेवली आणि डबा न घेता ऑफिसला गेली.

पडद्याचा आलेख काढणारा भाग तिने उघडला. पंप सुरू झाल्यापासून किती औषध गेलं ते दाखवणारी रेघ. तिने सुरुवातीला कुलूप घेतलं होतं, मग एकेक आकडा वाचून एकेक ठिपका काढला होता, आणि सगळी रेघ काढून झाल्यावर कुलूप सोडलं होतं. तितका वेळ पडदा मोटरच्या मानाचा, आणि मोटर दारात उभी. पंप जितके दिवस चालला, तितकी रेघ लांब, तितकं कुलूप लांब. शंकासुराचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

आत्याबाईंना यात काही वावगं दिसलं नव्हतं. एकाच वस्तूला दोन हात एकदम लागत नाहीत ना, एवढंच त्या बघतात. एक हात किती वेळ लागून राहिला, हे त्या विचारत नाहीत. ते बघायला तीच होती.

ती उठून शंकासुराच्या टेबलाशी गेली.

"गिअर ठीक आहेत. चूक माझी आहे."

"ताई, एक मिनिट. परत बोला, रेकॉर्ड करून घेतो."

"गिअर ठीक आहेत," ती म्हणाली, त्याच शांतपणे, "चूक माझी आहे. आणि तुला मी उगाच बोलले."

त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. सगळी नोंद धरून बसायची गरजच नव्हती. कुलूप घ्यायचं, शेवटचा आकडा उचलायचा, कुलूप सोडायचं. आधीचे आकडे पडद्याने स्वतःजवळ ठेवायचे आणि रेघ आपल्या वेळाने काढायची. शंकासुराने पंप लावला आणि तो नुसता चालत राहिला. त्याने मान डोलावली. त्याच्याकडून एवढंच मिळतं.

मालक खूश झाले. "मग कळवतो हॉस्पिटलला."

"नका कळवू. आणखी दोन ठिकाणी मी असंच धरून ठेवलंय."

एक सेटिंगच्या पानावर होतं. ते तिने लगेच केलं. दुसरं अलार्ममध्ये. अलार्म वाजला की तो नोंद हातात धरून तिची प्रत कायमच्या मेमरीत लिहायचा, आणि ती मेमरी फार संथ.

"मॅडम, अलार्म वर्षातून एकदा वाजणार," मालक म्हणाले. "पुढच्या खेपेला करू ना."

"ज्या दिवशी वाजेल, त्या दिवशी पेशंटचं आधीच काहीतरी बिघडलेलं असेल. नेमकी तेव्हा मोटर थांबवायची?"

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "करा. मी सांभाळतो त्यांना."

तिने सोमवारी दुपारी ते काम घेतलं. संध्याकाळी आईला डॉक्टर बघायला येणार होते म्हणून नेहमीच्या वेळी उठली. खुर्ची आत सरकवली, दिवा बंद केला.

मंगळवारी ती आली नाही. वहिनीचा फोन आला. सकाळी अंघोळ करून धाकटी खुर्चीवर केस पुसत बसली होती. टॉवेल खाली पडला. दादाला वाटलं डुलकी लागली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काहीतरी सांगत होते. दादाने ते ऐकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

आईला सांगितलं आहे. ती धाकटीबद्दल विचारते, पण थोडंच.

मालकांनी हॉस्पिटलला कळवलं की पंप अजून तयार नाही. कधी होईल, हे सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात शंकासुराने तिचा कॉम्प्युटर उघडला. अलार्मचा भाग पडद्यावर होता, ती सोडून गेली तसाच. कुलूप घेण्याची ओळ होती. खाली नोंदीची नक्कल उचलण्याची ओळ नव्याने लिहिलेली होती, तिच्या पद्धतीने, नीट जागा सोडून. त्याखाली मेमरीत लिहिण्याची जुनी ओळ, अजून कुलपाच्या आत. ती बाहेर काढायची राहिली होती.