तात्यांची पाणबुडी आणि माझा विनोद

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, शाळेत शिकवत होतो. गावी, कोरेगावला पोहोचेपर्यंत डोक्यात एकच... माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. नौदलात, पाणबुडीवर होते. युद्धाच्या काळात त्यांची जुनी पाणबुडी प्रशिक्षणासाठी ठेवली होती. नवे जवान तिच्यावर शिकायचे आणि आपल्याच युद्धनौका तिला शोधून काढायचा सराव करायच्या. तिनं शत्रूचं एकही जहाज बुडवलं नाही. आमच्याकडे घरटी एक फौजी, प्रत्येकाजवळ लढाईची गोष्ट. तात्यांजवळ ती नव्हती.

काही वर्षांपूर्वी साताऱ्यात माजी सैनिकांचा सत्कार होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. तात्यांचं नाव पुकारताना टाळ्यांच्या हव्यासानं मी म्हणालो, "आमच्या तात्यांनी अख्खं युद्ध पाण्याखाली लपून काढलं!" सभागृह खो खो हसलं. तात्याही हसले, शाल घेतली, खाली उतरले. परतताना एसटीत खिडकी उघडून बाहेर बघत बसले. त्यांना लागलंय हे मला कळलं होतं... तरी मी ऊस, पाऊस असलं काहीबाही बडबडत राहिलो.

तेराव्याला इस्लामपूरहून एक म्हातारे गृहस्थ आले. तात्यांच्या हाताखाली शिकलेले. "मास्तर, मी नवा हुतो," ते म्हणाले. "सरावात वरनं आपल्याच जहाजानं पान्यात फुटनारा लुटुपुटीचा बार टाकला. पाणबुडी हादरली, दिवं गेलं. मी किंचाळत शिडीकडं पळालो. तुमच्या तात्यांनी मला मिठीत आवळलं. म्हनले, 'माझ्यासंगं मोज, गड्या. शंभरपतुर.' मोजता मोजता श्वास थाऱ्यावर आला. कुनाला बोलले न्हाईत, न्हाईतर मला तवाच घरी धाडलं असतं. पुढं मी लढाईवर गेलो. तितं खरे बॉम्ब पडले. शेजारचा गडी थरथराय लागला... मी त्याला धरला आन् मोजाय लागलो."

ते गेल्यावर मी काकूंना विचारलं, तात्या त्या सत्काराबद्दल कधी काही बोलले का?

"एकदाच. म्हनले, पोरगं खोटं न्हाई बोललं."

रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला गार वारा सुटला. मी तात्यांच्या खोलीची खिडकी लावायला उठलो.

"राहू दे रं," काकू म्हणाल्या. "त्यास्नी बंद खोली सोसत न्हाई."

जन्मभर त्या घरात माझं येणं-जाणं. ती खिडकी कायम उघडी का, हे मी कधी विचारलंच नव्हतं...