सोनटक्के सरांचा रविवार

नववीची मुलं मैदानावर जीव तोडून धावताहेत आणि विज्ञानाचे शिक्षक कडेला शिट्टी तोंडात धरून उभे आहेत, हे मला झालेलं सोनटक्के सरांचं पहिलं दर्शन. पूर्ण्याहून ताडकळसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात आमची शाळा. मी त्याच दिवशी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. मला वाटलं, खेळाचा तास असेल. पण सरांनी जमिनीवर फक्कीची एक रेघ ओढली होती, आणि शिट्टी वाजली की मुलांनी त्या रेघेवर जागच्या जागी थांबायचं होतं. एकालाही जमेना. कुणी चार पावलं पुढं जाई, कुणी तोंडावर आपटता आपटता वाचे. एक दांडगा मुलगा तर थेट माझ्यावर येऊन आदळला.

"बघा मॅडम," ओळखपाळख नसताना सर मला म्हणाले, "थांब म्हणलं म्हणून कुणी थांबत नसतंय. थांबायला बी जागा लागती." मग मुलांकडे वळून, "याला म्हणायचं जडत्व. चला आता वर्गात, व्याख्या लिहून घ्या."

वर्गात शिकवणं त्यांना अपुरं वाटायचं. स्टीलचा पेला पाण्यानं भरून रुमालावर ठेवायचे आणि रुमाल झटक्यात ओढून दाखवायचे. निम्म्या वेळा पेला जागेवर राही, निम्म्या वेळा सरांच्या पँटीवर. मुलं हसली की म्हणायचे, "हसा हसा. मह्या हातानं गलती केली, नियमानं न्हाई केली." आणि कुठलीही गोष्ट जागची हलली की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "जोर कुठून आला?" घंटा वेळेआधी वाजली तरी, एरवी ढिम्म बसून राहणाऱ्या मुख्याध्यापकांनी अचानक वृक्षारोपण काढलं तरी. "जोर कुठून आला म्हणायचा? वरून कुणी साहेब येणार असंल." स्टाफरूममध्ये ते असले की डबा खाताना ठसका लागायचाच.

एवढं सगळं शिकवणारा माणूस मोटारसायकल मात्र बेफाम हाणायचा. पूर्ण्यात घर, शाळा इकडं, आणि सकाळी निघायला रोज उशीर. प्रार्थना सुरू व्हायच्या बेताला फाटकातून धुरळा उडवत आत यायचे. मी एकदा म्हटलं, "सर, जरा हळू." तर हसून म्हणाले, "मॅडम, समदी गणितं पाठ हायत मला."

त्या हिवाळ्यात एका सकाळी ते प्रार्थनेला आलेच नाहीत. दुपारी कळलं, सरांच्या गाडीखाली एक बाई आली. जवळच्याच वाडीतली, मेंढरं राखणारी. कोंडाबाई तिचं नाव, वय पन्नाशीच्या पुढं. मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, ती मध्ये उभी होती. सरांनीच तिला एका टेम्पोत घालून परभणीला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. सरांना स्वतःला कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं.

दोन दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या तोंडी पक्की झाली. मेंढरं अचानक आडवी आली, सर तरी काय करणार? मुख्याध्यापक तेच म्हणाले, स्टाफ तेच म्हणाला. सरांना विचारलं की ते नुसती मान हलवायचे. ठाण्यातल्या जमादारानं कागदावर तसंच लिहिलं होतं आणि सरांनी त्यावर सही केली होती. पण ते शाळेत परत आल्यापासून एकदाही हसले नव्हते.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, जरा माझ्यासंगं चालत येता?" आम्ही रस्त्यानं गेलो. एका बाभळीपाशी ते थांबले आणि डांबरावर बोट दाखवलं. टायरची काळी रेघ होती, हातभर लांबीची. मला त्यात काहीच विशेष दिसेना.

"ही लांब असायला पायजे होती," सर म्हणाले. "तिकडून, त्या मोरीपासून. तिथून कळप सरळ दिसतोय. तिथं ब्रेक दाबला असता तर गाडी हितं येऊन थांबलीच असती. ही रेघ हितं सुरू व्हायलीय अन् हितंच संपायलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बघतच नव्हतो. फोन वाजला. खिशातून काढून कुणाचा ते बघत होतो." ते खाली बसले, रेघेवर हात ठेवला. "कुणाचा होता सांगू? मोबाईल कंपनीचा. रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती."

मी म्हटलं, "सर, आता हे कुणाला सांगून काय होणार आहे? बाईंचा पाय काही..."

"पाय न्हाई. पण तिला काय सांगितलं असंल लोकांनी?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं ठरलं. मला सोबत चला म्हणाले. "एकटा गेलो तर दारातूनच माघारी येईन." वॉर्डात कोंडाबाई पाय लोंबकळत्या वजनाला बांधून पडली होती. उशाशी तिचा मुलगा किसन. आम्हाला बघून तो उठला, सरांना बसायला स्टूल दिलं, आणि आम्ही काही बोलायच्या आतच म्हणाला, "सर, तुमी कायला आलाव? कसूर तर हिचाच हाय. मेंढरं घेऊन कवा बी रस्त्यात शिरती. लय बार सांगितलं, ऐकत न्हाई."

कोंडाबाई छताकडे बघत होती. हळूच म्हणाली, "म्या हात वर केला व्हता रं."

"असंच म्हणायलीय तीन दिवसांपासून," किसन म्हणाला. "हात केला असता तर सरांला दिसला नसता का?"

"आता मलाच वाटायलंय," ती म्हणाली, "केला व्हता का न्हाई कोण जाणं."

सर स्टुलावरून उठले. हात जोडले नाहीत, रडलेही नाहीत. वर्गात सांगावं तसं सरळ म्हणाले, "मावशी, तुमी हात केला असंल. मी समोर बघत नव्हतो. फोन बघत होतो. मेंढरांचा कसूर न्हाई, तुमचा न्हाई. समदा माझा हाय."

किसननं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कोंडाबाईनं मान वळवून सरांकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. मग पदराआडून आवाज आला, "किसन, ऐकलास का? म्या हात केला व्हता."

तिथून सर थेट ठाण्यात गेले आणि जबाब बदलला. जमादार त्यांना समजावत होता, "सर, कामून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायलाव? बाईची तक्रार न्हाई, कुणाची न्हाई." सरांनी ऐकलं नाही. केस उभी राहिली. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा सेवाज्येष्ठतेनं पाळी सरांची होती, पण संस्थेनं केसचं कारण सांगून त्यांना वगळलं. घरी वहिनी महिनोन्‌महिने धुसफुसत होत्या. "गप बसले असते तर काय बिघडलं असतं?" हे त्या मलाही विचारायच्या, जणू मी उत्तर लपवून ठेवलंय.

सरांनी गाडी विकली आणि एसटीनं यायला लागले. आता ते प्रार्थनेच्या कितीतरी आधी शाळेत असायचे.

नववीला गतिज ऊर्जेचा धडा आला त्या दिवशी माझा तास शेजारच्या वर्गात होता. मधल्या भिंतीला खिडकी होती. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते हे आकडे घालून दाखवलं, आणि खडू खाली ठेवला. मग त्यांनी मुलांना सगळं सांगितलं. मोरी, फोन, कोंडाबाई. माझा वर्गही ऐकू लागला, मी थांबवलं नाही.

एक मुलगी उठली. "सर, तुमाला तर हे ठाऊक व्हतं. मग हळू कामून न्हाई चालवली?"

"उशीर झाला होता, बाळा."

"कशाला?"

"प्रार्थनेला."

मुलगी तशीच उभी. सर म्हणाले, "बस." पण स्वतःच खुर्चीवर बसले.

कोंडाबाई काठी घेऊन चालायला लागली, पण एक पाय आखूडच राहिला. मेंढरांमागं दिवसभर फिरणं संपलं. सर तिला भेटायला वाडीवर जायचे. जाताना कधी फळं न्यायचे, कधी औषधं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "मास्तर, केळी आणून मेंढरं चरत्यात का? त्यो किसन एकटा किती पळंल? तुमाला काई करायचंच असंल तर आयतवारी मह्या जागी चाला."

आणि सर चालले! हे मला कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण एका रविवारी मी एसटीतून जाताना स्वतः बघितलं. वेचणी झालेल्या कापसाच्या रानातून मेंढरं चालली आहेत, मागं खांद्यावर आडवी काठी टाकून आमचे सोनटक्के सर, शाळेचीच पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. सोमवारी त्यांच्या पायमोज्यांना कुसळं चिकटलेली असायची. सुरुवातीला मेंढरं त्यांचं अजिबात ऐकत नव्हती. "कसलं बळ लावावं तेच कळंना मॅडम," ते म्हणायचे. "ढकललं तर जागची हलत न्हाईत. मी पुढं चालायलो की मागं येत्यात. पुस्तकात न्हाई हे."

त्यांचं हसणं थोडंफार परत आलं, ते या मेंढरांमुळंच. पण बोलता बोलता कधी मध्येच थांबायचे आणि स्वतःच्याच डाव्या हाताकडं बघत राहायचे. तो हात फोनचा होता.

निवृत्तीनंतरही रविवार चुकला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी चालणं बंद केलं. सरांनी मला निरोप सांगायला पाठवलं, "मावशीला म्हणावं, चार आठवडे सुट्टी पायजे." मी वाडीवर गेले. कोंडाबाई दारात बसून लोकर पिंजत होती. निरोप ऐकून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कसली सुट्टी? म्या तर कवाच सांगितलं व्हतं, मास्तर आता पुरं म्हणून. किसनचा पोरगा हाताखाली आला तवाच. ऐकलं न्हाई तेंनी. आयतवार उजाडला की बांधावर उभं."

ही गोष्ट सरांनी मला कधीच सांगितली नव्हती. परत आल्यावर मी त्यांना विचारलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"तिनं पुरं म्हणलं, मॅडम. मला कुठं पुरं झालं होतं?"

त्यांची सुट्टी संपलीच नाही. पावसाळा लागायच्या आत सर गेले.

तेराव्याला कोंडाबाई आली. किसननं तिला गाडीवर मागं बसवून, अगदी सावकाश आणलं होतं. पायरी चढायला तिला वेळ लागला. मी हात दिला तर तिनं झिडकारला आणि कठडा धरून वर आली. वहिनी आतल्या खोलीत होत्या. इतक्या वर्षांत या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. वहिनींनी सरकून चटईवर जागा केली.

वहिनींनीच विचारलं, "मावशी, तुम्ही माफ केलं का त्यांना?"

मला वाटलं, आता कोंडाबाई लोकांसमोर म्हणायचं तसं काहीतरी म्हणेल. तिनं आखूड पाय हातानं उचलून सरळ केला, आणि खोटं बोलली नाही.

"पाय ठणकतोय तवा न्हाई," ती म्हणाली. "सांजच्याला मेंढरं चरून माघारी वाडग्यात येत्यात, तवा केलेलं असतंय."

वहिनींनी मान हलवली. मग त्या उठल्या आणि एक उशी आणून तिच्या पायाखाली ठेवली.